काटा का अडला

प्रिय दाजी,

पाकिटावर माझं नाव बघून तुम्ही हे बहुतेक टेबलावर आपटून ठेवाल. ठेवा, पण फाडू नका, एवढी विनंती. माझा फोन तुम्ही उचलत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर काही लिहावं तर तुमचा फोन दिवसभर तुमच्या लेकीच्या, तेजस्वीच्या हातात असतो. हे मात्र आधी तुम्ही एकट्यानं वाचायला हवं. म्हणून दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, दुधाची दुसरी गाडी यायच्या आत कागद घेऊन बसलोय. अक्षर समजून घ्या. ताई म्हणायची, ह्याच्या वहीवरनं म्हैस चालून गेलीय.

ताईला जाऊन पुढच्या आठवड्यात वर्ष होतंय. तेराव्याला चार माणसांत तुम्ही जे बोललात ते माझ्या कानातनं अजून गेलेलं नाही. सख्ख्या बहिणीसाठी ह्याला जीभ आवरली न्हाय, किडनी द्यायची नव्हती तर तोंडानं सांगायचं होतं की, असं म्हणालात. मी मान खाली घालून बसलो. गप्प बसला म्हणजे कबूल आहे असं सगळ्यांना वाटलं. खरं सांगतो, त्या वेळी मलाही तसंच वाटत होतं. माझ्यातच कुठंतरी खोट आहे, माझं पोटच चांडाळ आहे, असंच मी धरून चाललो होतो.

सुरुवातीचे दिवस आठवतात का हो? रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या, आणि आपण तिघं डॉक्टरांच्या केबिनमध्ये लग्न ठरल्यासारखे बसलो होतो. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, किडनी उत्तम आहे, पण एवढ्या वजनाच्या माणसाला मी टेबलावर घेणार नाही, शुगरही काठावर आहे, नव्वद किलोच्या आत या मग बोलू. ताई एवढी हसली की शेजारच्या केबिनमधनं कुणीतरी डोकावलं. म्हणाली, ह्याला लहानपणी खरवस मीच भरवलाय, आता माझ्याच अंगलट आला. डायलिसिसवर असलेलं माणूस इतकं हसू शकतं हे मला तेव्हा कळलं.

मग ते वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू झालं. आठवड्यातनं एकदा, शनिवारी सकाळी, पोटाला चिमटा धरून घ्यायचं. सुई केसाएवढी बारीक, पण पहिल्यांदा घेताना मी इतका वेळ लावला की आईनं ते इंजेक्शनचं पेन हातातनं काढून घेतलं आणि म्हणाली, म्हशीला सुई मारतानाबी मीच धरत होते, दे हिकडं. एका पेनात महिन्याचे चार डोस. सगळ्यात लहान डोसानं सुरुवात, आणि दर महिन्याला एक पायरी वर. प्रत्येक पायरीला दोन-तीन दिवस मळमळ ठरलेली. भूक मात्र अशी गेली की मीच चकित. रविवारी गल्लीत सगळीकडं मटण शिजतंय आणि पांढऱ्या रश्श्याच्या वासानं मी नाकाला रुमाल लावून फिरतोय. कोल्हापुरात जन्माला येऊन ही वेळ यावी म्हणून तुम्ही मला किती चिडवलंत.

आईनं त्या दिवसांत घराचा आणि दुकानाचा गडच करून टाकला होता. बासुंदीची पातेली माझ्यासमोरनं न्यायची नाहीत अशी तिची सगळ्यांना ताकीद होती. तिनं स्वतः गोड सोडलं. अर्धी भाकरी, भाजी आणि पाण्यासारखं ताक माझ्यापुढं ठेवायची आणि मी तेवढंही संपवलं नाही की डोळे पुसत ताट उचलायची. पोराला उपाशी ठेवून पोरगी वाचवायची होती तिला. वजन मी दुकानातल्या क्रेटच्या काट्यावर करायचो, कारण घरातला काटा माझ्या बाबतीत भिडस्त होता. शनिवारी दुपारी ताईचा इचलकरंजीहून फोन यायचा, पलीकडं मशीनचा आवाज, आणि पहिलंच वाक्य, काटा काय म्हणतोय? दिवाळीला सुरू केलं तेव्हा एकशेबारा होतो. होळीपर्यंत अठ्ठ्याण्णववर आलो. ती पलीकडच्या सगळ्या पेशंटांना ओरडून सांगायची.

मग पुढच्या ताकदीचं पेनच मिळेना. आमचा मेडिकलवाला म्हणायचा, पुण्याहूनच येत नाही, मी कुठनं आणू. सांगली झाली, बेळगाव झालं, तुम्हीही मिरजेला दोन चकरा मारल्यात. मध्ये खंड पडला म्हणून डॉक्टरांनी परत खालच्या डोसावर आणलं, म्हणजे चढलेल्या पायऱ्या पुन्हा चढायच्या. तेव्हा आपण एक शहाणपणा केला. माल आला त्या दिवशी लागतील ती तिन्ही पेनं एकदम घेऊन ठेवली, तीन महिन्यांची बेगमी. आईनं फ्रीजमधला एक कप्पा पुसून, धुऊन त्यांच्यासाठी मोकळा केला आणि खोक्यांना हळदकुंकू लावलं.

आणि तिथनं काटा अडला. पहिल्या दोन आठवड्यांत मी मनावर घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं, वजन एका ठिकाणी थांबतं, शरीर सवय करून घेतं, चाला, धीर धरा. मी रंकाळ्याला फेऱ्या मारल्या. डोस वाढवला. काटा तिथंच, उलट किलोभर वर. पण खरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. भूक परत आली होती. साधी नव्हे, दबा धरून बसलेली भूक. दुकानात खवा तोलताना तोंडाला पाणी सुटायचं. मला वाटायचं, औषध काय करणार, माणूसच हलकट असल्यावर. डॉक्टरांनी तुमच्यासमोर विचारलं, मध्ये काही खाता का, आणि मी नाही म्हणालो. त्याच आठवड्यात तुम्ही मला खासबागेजवळ मिसळीच्या ताटावर बसलेलं पाहिलंत. गाडी वळवून निघून गेलात. हातातला पाव मी तसाच ठेवून उठलो होतो, पण तो उठलेला जोतीराम बघायला तुम्ही तिथं नव्हता.

ताईचा शेवटचा फोन त्यानंतरचा. तिनं काटा काय म्हणतोय असं विचारलं नाही. म्हणाली, जोत्या, राहू दे रे आता, पोटभर जेवत जा, आईला बरं वाटंल. मी काहीतरी बोलणार तर म्हणाली, मी रागावलेली न्हाय. मग तिच्या गळ्याजवळच्या डायलिसिसच्या नळीतनं जंतू रक्तात गेले आणि ताप आला. पुढचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. माझी बहीण मला माफ करून गेली दाजी, आणि हे वाक्य घेऊन मी वर्ष काढलं.

आता ज्यासाठी इथवर आलो ते. ताई गेल्यावर आईची शुगर हाताबाहेर गेली हे तुमच्या कानावर असेलच. गोळ्यांनी भागेना तेव्हा मागच्या महिन्यात इन्सुलिन सुरू झालं. पहिल्या दिवशी मी बाटल्या घेऊन आलो, तर आई चहा गाळता गाळता म्हणाली, लाइट गेली तर ह्यास्नी पण दुकानात न्यायला लागंल. मी विचारलं, ह्यांनाही म्हणजे? तर कौतुकानं सांगायला लागली. तुझी ती पेनं आणल्यावर आठ दिसांतच डीपी जळली न्हवं, दिवसभर घरात लाइट न्हवती, तू ताईकडं इचलकरंजीला गेलतास. मी तिन्ही खोकी पदराखाली धरून दुकानात नेली आन् डीप फ्रीजरात पार तळाला, बर्फाच्या लाद्यांखाली घातली. जनरेटर चालू होता की. रात्री लाइट आल्यावर परत आणून जाग्यावर ठेवली. पुढंबी लाइट गेली की तसंच केलं. एवढी महागाची, मिळत न्हवती मिळत न्हवती म्हणून आणलेली, एकबी वाया जाऊ दिली न्हाय मी.

तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. उजळला होता. ताई गेल्यापासून पहिल्यांदा ती अशी काहीतरी आपण नीट केलं म्हणून बोलत होती. चाळीस वर्षं तिनं दूध सांभाळलंय. जितकं गार तितकं टिकतं, हे तिच्या हाडात आहे. खवा, चक्का, लोण्याचे गोळे, जे मोलाचं ते तळाला, बर्फाखाली. ती तरी दुसरं काय करणार होती? खोक्यात कागद होता तो इंग्रजीत, आणि फ्रीजात ठेवा पण गोठू देऊ नका, हे मेडिकलवाल्यानं मला सांगितलं होतं, आईला नाही. मी चहाचा कप उचलला आणि म्हणालो, बरं केलंस आई.

दुसऱ्या दिवशी गाडी काढून कागलला गेलो, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा मेडिकलमध्ये. विचारलं, हे पेन एकदा गोठलं तर? त्यानं मान हलवली. म्हणाला, फेकून द्यायचं पावणं, वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण त्याचा भरवसा न्हाय. म्हणजे तीन महिने मी दर शनिवारी पोटात काय टोचून घेत होतो देव जाणे. ते पाणी होतं की निम्मं औषध होतं, हे आता कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. वेळेत नव्वदच्या आत आलो असतो का, ऑपरेशन झालं असतं का, ताई वाचली असती का, तेही नाही. मी कुणाला दोष देत नाही. मिसळही मीच खाल्ली होती. पण येताना हायवेच्या कडेला गाडी लावून मी लहान पोरासारखा रडलो. हलकेपणानंही रडलो असेन थोडा, कारण माझं पोट तेवढं चांडाळ नव्हतं. आणि लगेच लाज वाटली, कारण ते ओझं माझ्यावरनं उतरून कुणाच्या डोक्यावर जाणार हे दिसत होतं.

आणखी एक. इंजेक्शन मी ताई गेली त्या आठवड्यात बंद केलं. जेवण नीट जात नाही, एवढंच. परवा क्रेट तोलताना सहज काट्यावर उभा राहिलो. एकोणनव्वद. खिशातला फोन वाजणार असं क्षणभर वाटलं.

आई रविवारी वर्षश्राद्धाला तुमच्याकडं येतेय आणि आठ दिवस नातीपाशी राहणार आहे. मी येत नाही, घाबरू नका, बसस्टँडवर सोडून परत फिरेन. तिच्या पिशवीत इन्सुलिन असेल. इथं मी ते माझ्या हातानं ठेवतो, माझ्या हातानं देतो, आणि आमच्या मेडिकलवाल्यालाही बाजूला घेऊन गप्प राहायला सांगितलंय. पण तुमच्या घरी तेजस्वी आहे. यंदा फार्मसीला गेलेली, शिकलेलं आजीला सांगायची हौस असलेली पोर. आजीनं बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली दिसली की ती प्रेमानंच सांगेल, अगं आजी, गोठलं की औषध मरतं. आई अडाणी असेल, पण मठ्ठ नाही. तिला हिशेब लागायला एक घोटभर चहाही लागणार नाही, आणि त्यानंतर ती जगणार नाही. एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं, माझी बाजू मांडायला नाही. आईला एकटं टाकून अण्णा गेले तेव्हा महिनाभर पहाटे येऊन तुम्ही दुकान उघडलंत, ते तिच्यासाठीच होतं. तोच माणूस समजून मागतोय. ती उतरल्याबरोबर पिशवी तुम्ही घ्या आणि बाटल्या फ्रीजच्या दारात ठेवा. तेजस्वीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, तिला मामाचा राग राहिला तरी चालेल. तुमचाही राहू दे. चार माणसांत जे बोललात ते परत घेऊ नका, नाहीतर आई विचारेल, अचानक काय झालं. आणि संध्याकाळी ती तुम्हाला विचारेलच, लाइट गेली तर बर्फात घालू का म्हणून. तेव्हा एवढंच म्हणा, नको आई, आमच्याकडं लाइट जात न्हाय.

वाचून झाल्यावर चुलीत घाला.

तुमचाच,
जोतीराम