आत उतरणाऱ्याची चावी

मी, कागद कारखान्यातला फिटर, वय पन्नाशीला टेकलेले, माझ्या राहत्या घरी पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. हे माझ्याकडून कोणी धाक दाखवून लिहून घेतलेले नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवली तर पुढचे काहीच खरे वाटणार नाही, म्हणून आधी नोंदवतो. मला मरणाची भीती वाटते. त्याहून जास्त भीती, मी गेल्यावर माझ्या तोंडी कोण काय घालील याची वाटते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, एक मसुदा करून आणला होता. तो मी सही न करता परत दिला. कुठे सापडल्यास तो माझा समजू नये.

१. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा ओटा असे हे घर माझ्या पश्चात माझ्या पत्नीचे राहील, तिच्यानंतर माझ्या एकुलत्या मुलीचे. यात कोणतीही अट नाही. या शब्दांखाली मी रेघ ओढली आहे, कारण दादाच्या मसुद्यात अट होती.

मुलगी सध्या आमच्याकडेच आहे. तिला दिवस गेले आहेत. पहिल्या बाळंतपणात तिचे हृदय थकले ते पुन्हा पूर्वीसारखे झाले नाही. माझेच हृदय तिला गेले असावे असे मला वाटते. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितले, की हे मूल होऊ दिले तर ती वाचेलच असे सांगता येत नाही, आणि वाचणार नाही असेही सांगता येत नाही. गर्भपात करायचा तर कायद्याने अजून मुदत आहे. ठरवायचे तिने, जे ठरेल त्यात त्या सोबत राहतील. जावई बोटीवर नोकरीला आहेत. फोनवर रडतात आणि "तू म्हणशील तसं" म्हणतात. नात नुकती बोलायला लागली आहे.

दादा आमच्या प्रार्थनामंडळाचा प्रमुख आहे. गर्भपाताचा कायदा रद्द व्हावा म्हणून मंडळाने सह्यांचा कागद फिरवला. तो माझ्यापर्यंत आला तेव्हा मी म्हणालो, चष्मा विसरलो. चष्मा डोक्यावर होता.

मसुदा घेऊन आला त्या दिवशी दादा याच खोलीत बसला होता.

"घर पोटातल्या बाळाच्या नावावर कर," तो म्हणाला. "बाळ जन्मलं तर त्याचं, नाहीतर मंडळाचं. मग ती नीट विचार करील."

"ती दुसरं काय करतेय, दादा? जेवतानाही विचारच करते."

"तू देवाला मानतोस ना?"

"मानतो."

"मग?"

आतून ही म्हणाली, "भाऊजी, चहा निवतोय. तो प्या, आणि मग आणखी कोणाला घराबाहेर काढायचं ते सांगा." दादा चहा न पिता गेला.

दादा वाईट माणूस नाही हे या कागदावर राहू द्यावे. त्याचे आणि वहिनीचे एकही मूल जगले नाही. माझी मुलगी झाली तेव्हा त्याने स्वतः रंधा मारून पाळणा केला. तो पाळणा माळ्यावर आहे. मी तो कोणालाच लिहून देत नाही. आहे तिथे राहू द्यावा, आणि तो कोणी खाली काढून मुलीच्या समोर ठेवू नये.

२. हत्यारे. पान्यांचा संच, हातोड्या, छिन्न्या आणि माझा पट्टा माझ्या कामावरच्या जोडीदाराला, लंबूला द्यावेत. मोठा पाना त्यानेच माझ्याकडून नेला आहे आणि नेला नाही म्हणतो. तो त्याला माफ.

३. कुलूप. हे कलम जरा लांबेल.

आमच्या कारखान्यात लगद्याची टाकी आहे. जुना कागद तिच्यात पडतो आणि पाती फिरून त्याचा लगदा होतो. पाती बदलायला माणूस आत उतरतो. उतरण्याआधी तो मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावतो आणि चावी स्वतःच्या खिशात घालून खाली जातो. तो वर येऊन कुलूप काढेपर्यंत टाकी कोणालाही चालू करता येत नाही, मालकालाही नाही. माझे कुलूप पितळी आहे, त्यावर निळ्या रंगाचा ठिपका आहे.

एके वर्षी नवे सुपरवायझर आले. त्यांनी सगळ्या कुलपांच्या दुसऱ्या चाव्या करून ऑफिसात टांगल्या. "उद्या एखादा चावी खिशात घालून घरी गेला, तर कारखाना बंद ठेवायचा का?" ते म्हणाले. बोलणे वाजवी होते. आम्ही माना हलवल्या. पुढे एकदा लंबू टाकीत उतरलेला असताना सुपरवायझरांनी डबे टांगायच्या खुंटीकडे पाहिले. तिथे त्याचा डबा नव्हता. माणूस जेवायला गेला आणि कुलूप काढायला विसरला, असे त्यांना वाटले, आणि त्यांनी ऑफिसातल्या चावीने ते उघडून स्विच दाबला. त्या दिवशी लंबूने डबा आणलाच नव्हता. बायकोशी भांडण झाले होते.

पाती फिरली तो आवाज मला अजून ऐकू येतो. लंबू वाचला, त्याचा पाय गेला. सुपरवायझर दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हते. चावी त्यांच्या हातात होती आणि आत ते नव्हते, एवढेच. त्यानंतर ऑफिसातल्या चाव्या आम्ही भट्टीत टाकल्या.

मी देवाची प्रार्थना रोज करतो. पोटातला जीव हा जीव आहे असे मी मानतो, आणि ते सोडायला तयार नाही. पण टाकीत माझी मुलगी उतरली आहे. मी काठावर आहे, दादा काठावर आहे, मंडळ आणि कायदा करणारे सगळे काठावर आहेत. देवाने मला याबद्दल विचारले तर मी हेच सांगेन. त्याला पटेल की नाही, मला माहीत नाही. याचीही भीती वाटते.

म्हणून माझे कुलूप आणि त्याची एकुलती एक चावी मी मुलीला देतो. दुसरी चावी नाही.

४. माझे मत. मी गेल्यावर कोणी म्हणेल, "तो असता तर त्याने हे होऊ दिलं नसतं." दुसरे कोणी म्हणेल, "त्यानेच सांगितलं होतं, करून टाक." दोन्ही खोटे समजावे. मी तिला काहीही सांगितलेले नाही. तिने मूल ठेवले तर ते तिचे ठरवणे, न ठेवले तरीही तिचेच. दोन्ही वेळा या घराचे दार तिला उघडे राहील. प्रार्थनेत तिचे नाव आजवर जसे घेतले जायचे तसेच घेतले जावे.

५. माझे शरीर. उद्या मी भुलीखाली असेन. मी शुद्धीवर आलो नाही आणि यंत्र किती चालवायचे असा प्रश्न आला, तर शब्द मुलीचा राहील. दादाचा नाही, डॉक्टरांचा नाही. पत्नीला हे मान्य आहे. ती म्हणाली, "मला नका सांगू, मी यंत्राला हात लावू देणार नाही."

हे कलम लिहीत असताना मुलगी खोलीत आली. कागदावर तिने पाहिले नाही. माझ्या शेजारी बसली.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं? एकदा तरी सांगा ना."

"मला भीती वाटते."

ती म्हणाली, "मलाही."

मी चावी तिच्या हातात दिली. तिने मूठ मिटली आणि विचारले, "उद्या तुम्ही बाहेर आलात की परत देऊ?"

"माझं कुलूप मला लागेल तेव्हा मागेन," मी म्हणालो. "तोवर तुझं."

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझाच आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, सोमवार, दुपार.

सही: फिटर, लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. लंबू, जोडीदार. (मोठा पाना माझ्याकडे नाही. तरी सही करतो.)
२. शेजारच्या शिंपीणबाई.
३.

दोन साक्षीदार पुरतात असे वकील म्हणाले. तिसरी जागा दादासाठी आहे. त्याला निरोप धाडला आहे. तो आला नाही तरी ती कोणी भरू नये.