यंदाच्या दूर्वा

निजामपुरा, बडोदे

प्रिय रसिका,

रोज फोन होतो तरी आई पत्र लिहायला बसली, म्हणून घाबरू नकोस. फोनवर तुझे आबा स्पीकर लावून शेजारीच बसतात, आणि मला एकदा त्यांच्या अपरोक्ष तुझ्याशी बोलायचं आहे.

आधी आनंदाचं सांगते. यंदा गणपतीच्या दूर्वा मी स्वतः खुडल्या. हसू नकोस! आपल्याकडे ते काम कायम आबांचं. त्यांनाही गवताचा त्रास, पण माझ्याइतका नाही. मी नुसती गवताजवळ गेले तरी शिंका सुरू, आणि आरती अर्धी टाकून मोरीकडे पळायचं. यंदा आबांच्या क्रिकेट क्लबाच्या मैदानाच्या कडेला बसून सगळ्या जुड्या बांधल्या आणि आरतीत शेवटपर्यंत उभी राहिले. शेजारच्या मथुराबाई म्हणाल्या, वसुंधरा, तुझा आवाज एवढा मोठा आहे हे आजच कळलं.

हे सगळं त्या गोळ्यांमुळे. गवताच्या त्रासावरच्या नव्या औषधाच्या चाचणीत आम्हा दोघांची नावं घालायला तूच लावलंस. काही जणांना खरी गोळी, काही जणांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही, हेही तूच समजावलंस. उन्हाळ्यात पहिली गोळी दवाखान्यातच दिली आणि बराच वेळ समोर बसवून ठेवलं. जिभेखाली धरायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. गिळायची नाही म्हणून नर्स सारखी बजावत होती, "बा, गळी ना जता." आबांच्या जिभेला खाज सुटली, कानही खाजले. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. मला काहीच नाही, खडू तोंडात धरल्यासारखं. घरी आल्यावर आबा म्हणाले, रोज सकाळी दोघांच्या गोळ्या मीच काढून देईन, तू विसरशील. मी आणि विसरणार! दुसऱ्याच दिवशी माझीही जीभ खाजली, ओठ जरासा सुजला. मी खूश झाले, म्हटलं, आता मलाही लागू पडतंय. काय तरी मेली खुळी मी.

आबांचं मात्र यंदा ठीक नाही. गवताला तुरे आल्यापासून डोळे लालभडक, आणि आता छातीही वाजते. मैदानावर गवत कापायचं यंत्र फिरवून आले की आधी दारातच बसतात, मग आत येतात. क्लबाचे जयवंतराव म्हणाले, उदयसिंहराव, आता सामानाची खोली सांभाळा, मैदान दुसऱ्याकडे देतो. सगळा जन्म हिरवळ राखण्यात गेला, त्या माणसाने जाळी आणि स्टंप पुसत बसायचं? त्या दिवशी जेवले नाहीत. आणि डॉक्टरांनी विचारलं की म्हणतात, मजामां, अगदी मजेत!

काल सकाळी मी जरा लवकर उठले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. आबांनी स्वतःचं नाव लिहिलेल्या खोक्यातली गोळी माझ्या वाटीत ठेवली आणि माझ्या खोक्यातली आपल्या जिभेखाली. घरी आणल्यापासून हेच चाललं असणार गं. दवाखान्यात जीभ खाजली तेव्हाच त्यांनी ओळखलं असणार, खरी गोळी त्यांच्या खोक्यात आहे. मी तशीच मागे फिरले. बोलले तर ते हसण्यावारी नेतील. खोकी बदलली तर ते पुन्हा बदलतील. डॉक्टरांना सांगितलं तर दोघांनाही चाचणीतून काढतील, मग ती गोळी कुणालाच नाही. न सांगावं तर त्यांची छाती, आणि ज्या परक्या लोकांसाठी ही चाचणी चाललीय त्यांच्याशी खोटेपणा. म्हणून हे पत्र. आज त्यांनी नेहमीसारखी वाटी पुढे केली. मी गोळी जिभेखाली धरली आणि मला रडू आलं. त्यांना वाटलं, खाज सुटली. सुटली ना, असं त्यांनी मोठ्या आशेनं विचारलं. तोंडात गोळी, बोलता येईना, मी नुसती मान हलवली. इतके खूश झाले, रसिका! हसायला गेले आणि खोकल्याची अशी उबळ आली की ओटा धरून उभे राहिले. तू ये, आणि तूच सांग त्यांना.

तुझीच,
आई