खोलीचा रकाना

सोमवार, ३

पोचले! खोली माझी एकटीची, खिडकी बागेवर, आणि दाराला आतून कडी. जन्मात पहिल्यांदा स्वतःची कडी. तीनदा लावून पाहिली.

काम अवघड नाही. बाईंना गेल्या वर्षी नागीण झाली होती. फोड गेले, पण बरगडीखालच्या कळा राहिल्या. त्यावर डॉक्टरांनी गांजापासून केलेलं औषधी तेल दिलंय. रोज दुपारी चारला जिभेखाली तीन थेंब. बाई सत्त्याहत्तरच्या, निवृत्त मुख्य परिचारिका, जीभ तिखट. मला पाहताच लेकीला म्हणाल्या, हिला खिडकीजवळ उभी करू नकोस, वाऱ्याने उडेल. मग मला म्हणाल्या, ये गं, जन्मभर व्यसनी लोकांवर डाफरले आणि म्हातारपणी मीच गंजेडी झाले बघ. लेकीला मी ताई म्हणते. त्या दिवसभर कामावर असतात.

मंगळवार, ४

डॉक्टर आले होते. त्यांनी मला निळी वही दिली. रकाने पाच: वेळ, थेंब, खोली, मन, परिणाम. खोलीचा रकाना कशाला, हे विचारायला धीर होत नव्हता, पण न समजता लिहिणं मला जमत नाही, म्हणून विचारलं. ते म्हणाले, अर्धं काम थेंबांचं, अर्धं खोलीचं आणि मनाचं. निवांत माणसाला या थेंबांनी झोप लागते. तेच तीन थेंब भेदरलेल्या माणसाला दिले तर भिंतीवरचा डाग चालायला लागतो. पेरावं तसं उगवतं. म्हणून पडदा, उजेड, आवाज, थेंबांआधीचं शेवटचं बोलणं, सगळं खरं लिही. मी पुढचं सगळं या वहीवरून ठरवतो.

खरं लिहायची मला सवय आहे. दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नाही. आत्याने घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. पाढा चुकला तर ती हसायची. पण न केलेलं गणित केलं असं मी सांगितलं, की पेन्सिलीने टेबलावर दोनदा टकटक करायची आणि गप्प बसायची. ती टकटक मारापेक्षा जास्त लागायची.

गुरुवार, ६

पडदा अर्धा ओढला, पंखा मंद ठेवला, वेताची खुर्ची खिडकीशी, उशीला धुतलेला अभ्रा. आधी बाईंची वेणी घालून दिली, मग थेंब. अर्ध्या तासाने कपाळावरच्या आठ्या उलगडल्या. बाई म्हणाल्या, कळ आहे गं, पण शेजारच्या घरात आहे. मला इतका आनंद झाला, की ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं.

रविवार, ९

बाईंनी निळी वही मागून घेतली. प्रत्येक नोंदीखाली मी आडवी रेघ ओढते आणि टोकाला हुकासारखं बारीक वळण देते. बाई म्हणाल्या, अगोबाई, ही तर डावखुरीची रेघ, तुला कुणी शिकवली? मी म्हणाले, शाळेत.

थेंब भिनले होते, आणि खोली मीच इतकी निवांत केली होती. बाई सांगत सुटल्या. त्यांच्या वॉर्डात एक डावखुरी परिचारिका होती. तिने एका रुग्णाला इंजेक्शन देऊन तशी नोंद केली होती. बाईंनी नोंद न पाहता तेच पुन्हा दिलं. माणूस गेला. बाईंनी नोंदवहीतलं ते पान फाडलं, नवीन लिहिलं, आणि दोन्ही इंजेक्शनं डावखुरीच्या नावावर घातली. कुणाचा तरी बळी द्यावाच लागतो गं, म्हणाल्या. तिला ना नवरा ना पोर, तिचं काय जाणार होतं? आणि हसल्या.

डावखुरी म्हणजे माझी आत्या. रेघ तिनेच शिकवली होती; ‘डावखुरी’ ऐकताच सावध होऊन मी शाळेचं नाव घेतलं.

तिला पुन्हा कुठेच नोकरी मिळाली नाही. अकरा वर्षं ती गणवेशाला इस्त्री करून ट्रंकेत ठेवायची. न जाणो, बोलावणं येईल. तो गणवेश शेवटी आम्ही तिला नेताना घातला. वॉर्डातल्या मोठ्या बाईंचं नाव तिने कधी काढलं नाही. एवढंच म्हणायची, ते पान माझ्या अक्षरातलं नव्हतं.

बाई घोरायला लागल्या. मी त्यांची उशी सरळ केली आणि तशीच उभी राहिले.

सोमवार, १०

थेंब तीनच दिले. त्यात मी कधीही लबाडी करणार नाही.

फक्त खोली बदलली. फरशी दवाखान्यात वापरतात त्या कार्बोलिक साबणाने पुसली. आत्याच्या हातांना कायम तोच वास असायचा. खुर्ची खिडकीपासून काढून पलंगाच्या पायथ्याशी ठेवली, रिकामी, बाईंकडे तोंड करून. थेंब देण्याआधी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या डावखुरीचे डोळे कसे होते हो? मग मागे उभी राहून पेन्सिलीने खुर्चीवर दोनदा टकटक केलं.

साडेचारला बाई रडायला लागल्या. म्हणाल्या, तिला उठव तिथून.

निळ्या वहीत लिहिलं: खोली शांत. मन प्रसन्न. परिणाम: भास, घाबरणं. रेघ दोनदा ओढावी लागली. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं.

बुधवार, १२

तीन दिवस झाले. बाई तीन वाजल्यापासूनच घड्याळाकडे बघतात. आज त्यांनी मला हात जोडले. मी म्हणाले, बाई, खुर्ची तर रिकामीच आहे. खरंच रिकामी होती.

ताईंच्या जिवाला घोर लागलाय. मला म्हणाल्या, तू आहेस म्हणून निभतंय गं. मी म्हणाले, औषध मानवत नसेल.

वही: खोली शांत. मन प्रसन्न.

गुरुवार, १३

डॉक्टरांनी वही वाचली. म्हणाले, खोली चांगली, मन चांगलं, म्हणजे दोष तेलाचाच. शनिवारपासून बाईंचं बंद. अशाच कळांचे त्यांचे आणखी दोन रुग्ण आहेत, हे तेल घेऊन नुकतेच झोपायला लागलेले. त्यांचंही बंद करतो म्हणाले. तुझ्यासारखी खरं लिहिणारी मुलगी मिळाली हे नशीब, असंही म्हणाले.

तोंडापर्यंत आलं होतं. मी गिळलं.

तेवढ्यात टेबलावर टकटक झाली. दोनदा. डॉक्टरांनी मान वर केली नाही. पेन्सिल माझ्या खिशात होती. मी हात घालून पाहिलं.

शुक्रवार, १४

आज फरशी साध्या पाण्याने पुसली. साबणाची वडी काल रात्रीच कचऱ्यात टाकली होती. तरी वास येतोय.

खुर्ची खिडकीशी नेली. पाण्याचा तांब्या भरून आले, तर पुन्हा पायथ्याशी. बाई झोपल्या होत्या. त्यांना आधाराशिवाय उभंही राहता येत नाही.

वेत मधोमध दबलेला होता. हात लावला – ऊब.

शनिवार, १५

बाईंनी सगळं कबूल केलं. ताई आणि डॉक्टर दोघांसमोर. कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, की पान मी फाडलं, इंजेक्शन मी दिलं. खाली सही. ताई रडत होत्या. मग बाई झोपल्या, थेंबांशिवाय, लहान मुलासारख्या.

आत्याचं नाव धुऊन निघालं. आता संपलं.

डॉक्टर जाताना मी दारापर्यंत गेले. सांगायलाच गेले होते. छत्री विसरू नका, एवढंच मी म्हणाले.

रविवार, १६

चार वाजले. ताई घरी नाहीत. बाई उशीला टेकून हसताहेत. म्हणाल्या, आता ती माझ्याकडे बघत नाही गं. माझं खरं लिहून झालं. तुझ्यामागे उभी आहे.

मी थेंब घेतलेले नाहीत. बाटली उजेडात धरून पाहिली. तेल शुक्रवारच्या खुणेलाच आहे. मी काहीही घेतलेलं नाही.

ही खोली मीच मांडली. मनही माझंच – आत्या, मी तुझ्यासाठीच –

टकटक.

लिहिते. खरं लिहिते. आधी इथे, मग निळ्या वहीत, मग डॉक्टरांना फोन. त्या दोघांचं तेल –

टकटक.

लिहितेय ना! सोमवार, १०. थेंब तीन. खोली: खुर्ची पायथ्याशी. साबणाचा वास. मन: भेदरलेलं, भेदरवलेलं –

अक्षर असं तिरकं का येतंय? शाई हाताखाली पुसली जातेय. माझी कधी पुसत नाही –

उजवा हात मांडीवर आहे. दिसतोय मला. मांडीवरच आहे तो

कोणी भेदरवलं: