मामाचे थेंब

सोमवार, ता. २

आज कामावर रुजू झालो. मामाने फाटकापाशी येऊन माझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि सगळ्यांना ओरडून सांगितले, की हा माझ्या ताईचा एकुलता एक, जपा रे याला. फार बरे वाटले.

कारखाना लहान आहे. ओतीव लोखंडाचे भाग येतात, त्यांच्या खरबरीत कडा फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करायच्या. मामा मुकादम. हाताखाली दोघे. एक उंच, त्याला जिराफ म्हणतात. दुसरा काडीपैलवान, त्याला नुसतेच पैलवान म्हणतात. मला वरची खोली मिळाली आहे. खाट, टेबल, आरसा, खिडकी.

आईने बजावले होते, की मामाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू नकोस, त्याला ते उद्धटपणाचे वाटते. पण मामाच माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याची पापणी फार उशिरा लवते.

खिळ्याला संरक्षक चष्मे टांगलेले आहेत, त्यांवर बोटभर धूळ. मी एक पुसून लावला तर पैलवानाने विचारले, की नवरदेव, वरात कधी निघणार? सगळे हसले. मीही हसलो आणि चष्मा परत टांगला.

बुधवार, ता. ४

उजव्या डोळ्यात तापलेला कण गेला. एकाच डोळ्यात गेला, पण दोन्ही पापण्या मिटल्या, आणि मी मिटायचे ठरवण्याआधीच मिटल्या. पाण्याची धार लागली. काचेचा चुरा चोळावा तसे वाटत होते. मी गुरासारखा ओरडलो.

मामाने तपकिरी बाटली आणली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. म्हणाला, डोळ्यांत तेल घालून काम करावं म्हणतात ना, हे घे तेल. दोन्ही डोळ्यांत थेंब पडले आणि दुखणे विझले. दिवा विझतो तसे. मामाचे पाय धरावेसे वाटले.

सोमवार, ता. ९

हात बसला. आता ठिणग्या तोंडावर आल्या तरी माझी पापणी लवत नाही. बाटली फळीवर असते, सगळेच घालतात. जिराफ म्हणतो, पापणी मिटली की हात चुकतो, हात चुकला की बोट जातं, तेव्हा पापणी हीच खरी वैरीण.

जेवताना मामाच्या डोळ्यावर माशी बसली. डोळ्याजवळ नव्हे, डोळ्यावर. बुबुळावरून चालत मध्यावर गेली आणि पाय चोळत राहिली. मामा आईच्या गुडघ्यांची चौकशी करत होता. मी घास खाली ठेवला.

गुरुवार, ता. १२

उजव्या डोळ्यापुढे धुके आहे, म्हणून सकाळचे थेंब न घालता दवाखान्यात गेलो. नर्सने कापसाची बारीक वात वळली आणि डाव्या बुबुळाला टेकवली. दोन्ही पापण्या मिटल्या. मग उजव्याला टेकवली. काहीच झाले नाही. मला ती कळलीसुद्धा नाही.

तिने समजावून सांगितले. बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यात अंगावर कुठेच नसतील इतक्या दाट नसा असतात. त्यांना केसही लागला तरी मेंदूला वर्दी जाते आणि तो विचार न करता दोन्ही पापण्या पाडतो, पाणी सोडतो. शाळेत प्रतिक्षिप्त क्रियेचा धडा होता, पण त्याच्या आधीच माझी शाळा सुटली. शिवाय त्याच नसा त्या पडद्याला जिवंत ठेवतात. त्या मेल्या तर जखम भरत नाही, पडदा विरघळू लागतो. मी बाटलीचे सांगितले तेव्हा ती म्हणाली, त्या थेंबांनीच या नसा मरतात, थेंब आजपासून बंद. दुखेल, ओरडशील, पण दुखलं तर डोळा जिवंत आहे असं समज.

उद्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचे आहे. मामाला रजा विचारली. म्हणाला, सोमवारी बघू.

शनिवार, ता. १४

तारेच्या ब्रशाचा एक केस उडून जिराफच्या डोळ्यात रुतला. ताठ उभा होता. त्याला पत्ताच नव्हता. पैलवानाने हसत हसत पकडीने उपटला. मागोमाग पाणी आले, ते घट्ट होते. जिराफने ते बाहीला पुसले आणि चाक सुरू केले.

मी नर्सचे बोलणे सांगितले. मामा म्हणाला, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसेना आणि लोकांची कुसळं काढायला निघालाय. तरी मला वाटते, हे माझे लोक आहेत. त्यांना आंधळे होऊ देऊ?

सोमवार, ता. १६

सकाळी बाटली मोरीत ओतली.

चांगल्यासाठीच ओतली. दुपारपर्यंत पैलवान भिंतीवर डोके आपटू लागला. जिराफ जमिनीवर लोळत होता, दोन्ही अंगठे डोळ्यांत खुपसून, इतके की नखे दिसेनात. इतक्या दिवसांचे साचलेले दुखणे एकदम आले. मामा तेवढा शांत. त्याला आता थेंबांशिवायही दुखत नाही.

कोणी केलं, त्याने विचारले. मी सांगितले.

त्यांनी मला चाकाशेजारच्या बाकावर पाडले. पैलवान छातीवर बसला. माझ्या दोन बरगड्या मोडल्या, आवाज ऐकला. मामाने खिशातून दुसरी बाटली काढली. ताईचा मुलगा म्हणून मारत नाही, म्हणाला. डावी पापणी बोटांनी फाकवून बाटली अर्धी रिकामी केली. मग चाकाखालची लोखंडाची धूळ चिमटीत घेऊन माझ्या बुबुळावर अंगठ्याने चोळली. कागदावर चोळावी तशी खसखस ऐकू आली.

दुखलं का? त्याने विचारले.

नाही दुखले.

मंगळवार, ता. १७

दाराला बाहेरून कडी. मामा परत परत येतो, थेंब घालून जातो. मी ओरडतो तर तोंडात बोळा.

आरशात उजवा डोळा पांढरा. मध्ये खळगा. डावा अजून ओळी दाखवतो, पुसट. शुद्धलेखन तपासता येत नाही

बुधवार

मामा आज आला नाही. खाली किंचाळी — मग चाक थांबले. कोणाची, कळले नाही.

थेंब नाहीत, म्हणजे दुखायला हवे. वाट बघतो आहे. दुखू दे. देवा, दुखू दे

गुरुवार असेल

अंधार. ओळीवर बोट ठेवून लिहितो.

उशीतला कापूस काढला. वात वळली, तिने वळली तशी. उजवा — नाही. डावा — नाही.

कापूस मऊ असतो. म्हणून असेल.

ट्रंकेत आईने दिलेली सुई होती, बटणांसाठी. डाव्याला हलके टेकवली. नाही. जरा दाबली. पापणी हलली नाही. आणखी जरा —

दचकून सुई सोडली.

सुई खाली पडल्याचा आवाज आला नाही. मांडीवर नाही. खाटेवर नाही. चाचपून बघतो, गालावरून वर, कुठे