शोभेचं दार

४ मार्च १८७४
पोचलो एकदाचे. अकरा वर्षांतलं हे सातवं बिऱ्हाड, आणि माझ्यापुरतं शेवटचं. नवऱ्याला, एनॉकला, लॉर्डसाहेबांच्या इस्टेटीवर कुंपणं राखायचं काम आहे तोवर घर आमचं. काम सुटलं की घरही सुटलं. पण घर झकास आहे. लाल विटा, परसात पाण्याचा पंप. समोर दोन दारं, त्यातलं डावं नुसतं शोभेचं. साहेबांना बग्गीतून बघताना दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून भिंतीवर ठोकलंय. मागे आमच्याच स्वयंपाकघराची भिंत. मी दोन्ही पायऱ्या पांढऱ्या दगडाने घासून पांढऱ्याशुभ्र केल्या. एकच घासली असती तर ध्यान दिसलं असतं. समोरच्या येलंडबाई हसल्या. म्हणाल्या, "अगं, ती कुणासाठी घासलीस? इथे पांढरी पायरी म्हणजे आत माणूस राहतं."

७ मार्च
शोभेच्या पायरीवर ओल्या बुटाचा ठसा. बाहेर पडणारा. एनॉक म्हणतो, कुणीतरी टवाळी केली. असेल. गुडघे दुखत होते, तरी पुन्हा घासली.

११ मार्च
रोज एक पाऊल, बाहेर पडणारं. परतीचं नाहीच. येलंडबाई आज हसल्या नाहीत. म्हणाल्या, काळी पडू दे ती पायरी. मीही तेच ठरवलं होतं, तेवढ्यात साहेबांच्या कारभाऱ्याची बग्गी थांबली. त्याला दोन्ही पायऱ्या फार आवडल्या. रोज अशाच हव्यात, नाहीतर हे घर मागणाऱ्यांची रांग लागलीय म्हणाला. मी मान डोलावली. आठव्यांदा गाठोडी बांधायचं त्राण माझ्यात नाही.

१५ मार्च
चुलीमागच्या भिंतीपलीकडे भांडी वाजतात. पलीकडे तर नुसता रस्ता आहे. एनॉक म्हणतो, संध्याकाळी त्या दारातून मी त्याला हाक मारली, जेवण वाढलंय म्हणून. मी तेव्हा पंपावर होते. भीती वाटते. पायरी घासली.

१७ मार्च
एनॉक आला नाही. पायरीवर त्याच्या बुटाचा ठसा — आत जाणारा. दार ओढून पाहिलं. लाकूड, मागे विटा.

१९ मार्च
कारभारी येऊन गेला. माणूस नाही तर घर नाही, शनिवारपर्यंत रिकामं कर म्हणाला. भिंतीतून एनॉक बोलतो. दमलेला वाटत नाही. म्हणतो, ये गं, इथून कुणाला घालवत नाहीत —

२१ मार्च, शनिवार
सामान न्यायला गाडी आलीय. काही बांधलं नाही. दार उघडं आहे — विटा नाहीत. येलंडबाई ओरडताहेत, जाऊ नकोस. पण मी इतकी दमलेय — एक पाय आत ठेवून लिहितेय. एनॉकला विचारलं, इथे काम कुणाचं करायचं? त्याने मागे वळून पाहिलं. त्याच्यामागून कुणीतरी म्हणालं, घर कायमचं आहे, आणि कामही कायम—