असिस्टंटशिप म्हणजे झकात नव्हे

जुन्नर
बुधवार, ९ एप्रिल २०२५

प्रिय अन्सार,

अस्सलामु अलैकुम. फरहाला आणि लहानग्यांना दुआ. इथे सगळं ठीक. ऊन कडक आहे, नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि ईदची शेवई अजून संपायची आहे.

फोनवर तू दोन वाक्यं ऐकतोस आणि "आपा, गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देतोस. म्हणून बहिरूच्या टेम्पोतून हे पत्र राजुरीला पाठवते आहे. गिऱ्हाईक गेल्यावर वाच.

तुझ्या लेकीला, आरफाला, अमेरिकेतल्या विद्यापीठाने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या पीएचडीला घेतलं. फी माफ, वर दरमहा पगार. आणि तू काय म्हणालास? "आपुन झकात देनारी मानसं, आपा. घेनारी न्हाई. लोकांना समजलं तर मशिदीत तोंड कसं दाखवू?" कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी मला रागातही सभ्य बोलायला शिकवलं होतं. त्यांची मेहनत वाया जाऊ नये म्हणून तेव्हा गप्प बसले.

अरे, हे गरिबांना वाटलेलं दान नव्हे, याला असिस्टंटशिप म्हणतात. आरफा तिथे खालच्या वर्गांना प्रयोगशाळेत शिकवणार, त्यांचे पेपर तपासणार, प्रोफेसरांच्या संशोधनात राबणार. अब्बांनी तुला आळेफाट्याच्या उस्तादांकडे मोटरचं वाइंडिंग भरायला ठेवलं होतं. पंपाच्या जळक्या मोटरी खोलून तू शिकलास आणि दर शनिवारी पगारही घरी आणलास. पहिल्या पगाराची अम्मीने गल्लीभर मिठाई वाटली. तो पगार म्हणजे काय झकात होती?

येत्या मंगळवारपर्यंत होकार कळवला नाही तर ती जागा दुसऱ्याला जाईल. तू हो म्हटल्याशिवाय आरफा काही कळवणार नाही. कॉलेजला लागल्यापासून माझ्याकडे राहते, पण वडिलांचा शब्द मोडायचा नाही हे कुठे शिकली कोण जाणे. माझ्याकडे तरी नाही.

आता दुसरं. हे सगळं तुला आधीच ठाऊक होतं, असं मला काल कळलं. फरहाने फोनवर सांगून टाकलं. तिला रागावू नकोस. आरफाने तुला असिस्टंटशिप नीट समजावली होती, तुला पटलीही होती. मग तिने माझ्या डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, आणि तुला एकदम झकात आठवली.

डाव्या डोळ्याने मला आता जवळजवळ दिसत नाही, हे खरं. उजव्याचं डॉक्टर "बघू" म्हणतात. तुला कळवणारच होते, सवडीने. शेजारची चेतना, मोहनलालजींची सून, रोज ड्रॉप घालायला तयार आहे. तिचा हात जरा जड आहे. सवय होईल.

तुझी माया मला कळते, अन्सार. पण माझ्यापायी पोरगी इथे अडकली, तर रोज सकाळी तिच्या हातून ड्रॉप घालून घेताना मी डोळे कसे उघडू?

शुक्रवारी जुम्म्याची नमाज जुन्नरलाच पढ आणि सरळ घरी ये. आरफा कॉम्प्युटर उघडून बसेल. तिच्या डोक्यावर हात ठेव आणि तुझ्या तोंडाने हो म्हण. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात थांबेन. मी समोर असले की ती माझाच चेहरा बघत राहते, आणि हल्ली तो मला नीट सांभाळता येत नाही.

तुझी थोरली, अजून धडधाकट,
नजमुन्निसा आपा