टेम्पररी सस्पेन्शन

३ फेब्रुवारी, सोमवार
बल्लारपूरला घरी आलो. कंपनीने उड्डाणं थांबवली आहेत. थांबवली म्हणजे बंद केली नाहीत. ईमेलमध्ये शब्द स्पष्ट आहे, ‘टेम्पररी सस्पेन्शन’. नागपूर एअरपोर्टवर ‘क्षितिज एअर’च्या काउंटरमागे इतकी वर्षं काढलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ कोणी शिकवायला नको. विमान लेट असलं म्हणजे ते कॅन्सल झालं असं नसतं, हे मी स्वतः हजारो पॅसेंजरांना सांगितलं आहे. काहींनी ऐकलंही.

नागपूरची खोली सोडली. रिकाम्या खोलीचं भाडं भरत बसणं हे काही शहाणपण नाही. नीलिमाला म्हटलं, महिनाभराची सुट्टी समज. तिने बॅगा आत नेल्या. बापूजींनी पगाराचं विचारलं. प्रोसेसमध्ये आहे म्हणालो. ते पेपर मिलमधून रिटायर झालेले, त्यांना एअरलाइनची सिस्टीम कळणं अवघड आहे.

संकल्प: पहाटे चारला उठणं चालूच ठेवायचं, अर्ली शिफ्टची सवय मोडता कामा नये. रोज दाढी. दर रविवारी युनिफॉर्मला इस्त्री. कधीही फोन येईल.

४ फेब्रुवारी
आठला उठलो. प्रवासाचा शीण. दाढी केली.

९ फेब्रुवारी
इस्त्री केली.
शेजारचा अंकुश येऊन गेला. त्याचं बसस्टँडजवळ ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे, पुण्याच्या आणि हैदराबादच्या गाड्यांचं बुकिंग करतो. काउंटरवर माणूस हवा आहे म्हणाला, येता का भाऊ. मी हसलो. त्याला नीट समजावलं की आमच्याकडे बोर्डिंग पास असतो, बॅगेज पॉलिसी असते, आणि त्याच्याकडे लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात. दोन्ही क्षेत्रं वेगळी आहेत. तो म्हणाला, ते खरं, पण माह्या गाड्या रोज सुटतात.
बोलण्यात थोडा खवचटपणा वाटला. चहा मात्र पूर्ण पिऊन गेला.

२२ फेब्रुवारी
निशाचा फोन. माझ्या हाताखाली काउंटरवर होती, आता हैदराबादला दुसऱ्या एअरलाइनमध्ये लागली आहे. जागा निघाल्या आहेत, सर, आजच अर्ज टाका, असं घाईघाईने सांगत होती. पोस्ट विचारली. तिच्याच लेव्हलची निघाली. म्हणजे मी आणि निशा शेजारी शेजारी उभे राहून बॅगांना टॅग लावणार.

नम्रपणे नकार दिला. दुसरं कारण निष्ठेचं. सगळेच गेले तर कंपनी सुरू होईल त्या दिवशी दार कोण उघडणार? कोण टिकलं, कोण पळालं, याची नोंद एचआरकडे राहणारच. निशा म्हणाली, सर, एचआरच्या मॅडमही माझ्यासोबतच इथे जॉइन झाल्या.
फार वाईट वाटलं. मॅडमकडून ही अपेक्षा नव्हती.

५ मार्च
बापूजींचं हल्ली बरं चाललंय. सकाळी डबा घेऊन चंद्रपूरच्या बसने जातात ते संध्याकाळीच येतात. नीलिमा म्हणाली की पेन्शनर मंडळींचा ग्रुप आहे, बागेत बसतात. या वयात सोशल लाइफ असलंच पाहिजे. पण येतात तेव्हा फार थकलेले असतात. गप्पा मारून इतकं थकायचं म्हणजे कमाल आहे. मी त्यांना सांगितलं की बसण्याचंही प्रमाण ठेवा. ते बरं म्हणाले.

घरखर्चाची काळजी नाही. आल्या आल्या मी प्लॅनिंग केलं होतं. केबल बंद केली, पेपर बंद केला, शेव्हिंग क्रीमची लहान ट्यूब आणली. परिणाम समोर आहे. किराणा वेळेवर येतो, मोनालीच्या शाळेची फीसुद्धा भरली गेली. नीलिमाला म्हटलं, बघ, शिस्त असली की सगळं भागतं. ती पोळ्या लाटत होती. लाटतच राहिली.

२७ मार्च
मोठी बातमी. दुबईचा एक ग्रुप कंपनी विकत घेणार. ‘क्षितिज परिवार’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली आहे. ग्रुपमधून रोज कोणी ना कोणी बाहेर पडतं आहे. कच्चे लोक. आता पस्तावतील.
बूट पॉलिश केले. चौकातल्या पानठेल्यावर सहज विषय निघाला तेव्हा सांगून टाकलं की बहुतेक पुढच्या महिन्यात निघतो. पानठेलेवाला म्हणाला, वा. चुना लावता लावता म्हणाला, त्यामुळे नीट ऐकलं की नाही शंका आहे.
नीलिमाने परत अंकुशचं काढलं. दुबईवाल्यांच्या बातमीनंतर हा विषय संपायला हवा होता. मी थोडा चढ्या आवाजात बोललो. मोनाली पुस्तक घेऊन मागच्या अंगणात गेली. उकाडा वाढला आहे, माणसाची चिडचिड होते.

८ एप्रिल
दुबईवाल्यांनी माघार घेतली. ही किंमत पाडून घेण्याची जुनी युक्ती आहे.
निशाला सहज फोन केला, हैदराबादला ऊन किती आहे म्हणून. बोलता बोलता कळलं की जागा भरल्या. बरंच झालं. हैदराबादचं पाणी मला मानवत नाही.

२० एप्रिल, रविवार
राजदीपच्या बहिणीचं लग्न, चंद्रपूरला, मूल रोडवरच्या एका लॉनवर. राजदीप माझा शाळेतला मित्र, आता कॉन्ट्रॅक्टर आहे. कंपनीचा ब्लेझर घालून गेलो. ऊन होतं, पण अशा काळातच ब्रँड दिसला पाहिजे. नीलिमा म्हणाली होती की नका जाऊ. कारण सांगेना. मी ब्लेझरमुळे म्हणते असं समजलो.

राजदीपच्या मामांनी बसस्टँडवरून गाडीत घेतलं. गाडीत आणखी दोन पाहुणे होते. राजदीपने त्यांना फोनवर मी एअरपोर्ट मॅनेजर असल्याचं सांगितलं होतं. दुरुस्त करायला वेळ नव्हता. विमान उतरल्यापासून अर्ध्या तासात परत कसं उडवतात हे मी त्यांना सांगत होतो, ते लक्ष देऊन ऐकत होते, आणि गाडी लॉनच्या फाटकाशी आली.

फाटकावरचा सिक्युरिटी गार्ड खिडकीशी आला. निळा शर्ट, टोपी, गळ्यात शिट्टी.
बापूजी होते.

त्यांनी मला बघितलं. ब्लेझर बघितला, बाकीच्या लोकांना बघितलं. मग एक पाऊल मागे सरले आणि सलाम ठोकला.
“साहेब, गाडी डाव्या हाताले लावा,” म्हणाले.

मी समोर बघत होतो. मामांनी गाडी डावीकडे घेतली. मग त्यांनी विचारलं की विमानात पेट्रोल किती लागतं. मी सांगितलं. काय सांगितलं आठवत नाही.
जेवलो नाही. उन्हाने पोट बिघडलं होतं. मागच्या बाजूला एक लहान फाटक होतं, तिथून बाहेर पडलो.

२१ एप्रिल
काल संध्याकाळी बापूजी नेहमीसारखे घरी आले, नेहमीसारखं जेवले. मला एवढंच विचारलं, की लग्नात मठ्ठा-जिलेबी होती ना, खाल्ली का? मी हो म्हणालो.
नीलिमाला सगळं माहीत होतं. पेन्शन औषधांत जाते, म्हणाली, किराणा कुठून येत होता असं वाटत होतं तुम्हाले? मी म्हटलं, आधी मला विचारायला हवं होतं तुम्ही लोकांनी. ती उठून किराण्याचे डबे लावायला लागली.

शांतपणे विचार केला. या वयात हालचाल चांगलीच असते. शिवाय तिथे झाडं आहेत, म्हणजे सावली असणार. कंपनी सुरू झाली की पहिल्या पगाराच्या दिवशी बापूजींना ते काम सोडायला लावायचं. पक्का संकल्प.
ब्लेझर पेटीत ठेवला.

९ मे
कोर्टाने कंपनी बंद करून उरलंसुरलं विकायचा आदेश दिला. ग्रुपवर आता मी आहे आणि आणखी एक नंबर आहे, तो कोणाचा आहे माहीत नाही. मी त्याला लिहिलं, अपील होऊ शकतं. त्याने वाचलं.
नीलिमाने मागे उभं राहून मोबाइलवरची बातमी वाचली. संपलं ना आता, असं विचारलं. मी तिला अपिलाची मुदत सांगितली. ती कूलरमध्ये पाणी भरायला गेली.

१५ मे
बापूजी पार्किंगमध्ये पडले. ऊन लागलं. फोन नीलिमाच्या मोबाइलवर आला, त्यांनी तिचाच नंबर दिला होता.
चंद्रपूरच्या हॉस्पिटलमध्ये आहेत. अंगावर बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी, हाताला सलाइन. ओळखत नव्हते कोणाला. मध्येच हात वर करत होते, गाडी थांबवल्यासारखा.
लॉनचा सुपरवायझर मुखरूभाऊ दवाखान्यात येऊन बसला होता. तो म्हणाला की फाटकाशी सावली नाही, टिनाचं शेड बांधू बांधू म्हणत राहून गेलं. दुपारची वरात होती, गाड्या येतच होत्या, आणि म्हातारा काही जागचा हलेना.
आज दाढी केली नाही.

१६ मे
सकाळी शुद्धीवर आले. पाणी प्यायले. पहिलं वाक्य शर्टाचं. “धुवून ठेवजो. दोनच भेटले आहेत.”

मी म्हटलं, आता जायचं नाही. माझ्या कंपनीचं अपील होणार आहे, महिन्या-दोन महिन्यांत काहीतरी होईल. त्यांनी डोळे मिटले. झोपले असं वाटलं.
मग म्हणाले, “बेटा, तू आला ना बॅगा घेऊन, त्याच दिवशी मले समजलं. सुट्टीवर येणारा माणूस संगं युनिफॉर्म आणत नाई.”
मी विचारलं, मग बोलले का नाही?
“तू रोज दाढी करून बसत होता,” ते म्हणाले. “काय बोलू तुले?”

नीलिमा दाराशी डबा घेऊन उभी होती. तिला माहीत होतं. नंतर कळलं की मोनालीलाही माहीत होतं, तिने शाळेत बाबा घरी असतात असं केव्हाच सांगून टाकलंय. अंकुशला माहीत होतं. पानठेल्यावरही. फक्त मला नव्हतं. मला म्हणजे, होतं.

१९ मे
बापूजींना घरी आणलं. चालताना तोल जातो. डॉक्टर म्हणाले, यापुढे ऊन अजिबात नको.
अंकुशकडे गेलो. त्याने गोंडपिपरीचा माणूस ठेवला आहे, एप्रिलपासूनच. खुर्ची दिली, चहा मागवला. पहिले आले असते भाऊ, म्हणाला. आवाजात खवचटपणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.
तिथून बस पकडून लॉनवर गेलो. बापूजींची जागा उद्यापर्यंत भरायची आहे असं मुखरूभाऊने सांगितलं. अनुभव विचारला. मी सुरुवात केली, एव्हिएशन इंडस्ट्रीमध्ये कस्टमर हँडलिंगचा... त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, “उन्हात उभं राह्यता येते का?”
येते म्हणालो.

२० मे
पहिला दिवस. शर्ट बापूजींचाच, खांद्यात आखूड होतो. शिट्टी वाजवायला जमली नाही, नुसती हवा गेली. एक ट्रॅक्स जीप चुकीच्या बाजूला घुसली आणि मागे रांग लागली. लोक ओरडले. मी माफी मागितली. दुपारी डांबर बुटांना चिकटत होतं. टिनाचं शेड अजून बांधलेलं नाही.

घरी आलो तर बापूजी बाहेर बाजेवर बसले होते. नीलिमा आतून बादली घेऊन आली, कोमट पाण्यात मीठ टाकून. ती बापूजींपुढे न ठेवता माझ्यापुढे ठेवली. ही बादली या घरात फेब्रुवारीपासून रोज संध्याकाळी भरली जात होती. मी तेव्हा आत मोबाइलवर ग्रुप बघत असायचो.

बाजेवर बसून पाय पाण्यात घातले. आग झाली, मी पाय वर घेतले.
बापूजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खाली दाबला. “ठेव,” म्हणाले, “पहिले झोंबते.”